पिनियनचं नाक आणि पाव मैल

फोर्डने १९४९ चं मॉडेल आणलं तेव्हा अमेरिकेत चर्चा झाली ती त्याच्या सपाट, सलग बॉडीची. महायुद्धानंतरची ही कंपनीची पहिली सर्वस्वी नवी मोटार. गाडीखाली झालेल्या एका बदलाकडे गिऱ्हाइकाचं लक्ष जाण्याचं मात्र काही कारण नव्हतं. तोवरच्या फोर्डमध्ये गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जाड पोलादी नळीत बंद असे. नळीचं मागचं टोक डिफरन्शियलला बोल्टांनी जखडलेलं, पुढचं टोक गिअरबॉक्सपाशी गोल सांध्यात बसवलेलं. नव्या मॉडेलात ती नळी गेली, शाफ्ट उघडा पडला आणि मागचा ॲक्सल दोन लांब पाट्यांच्या स्प्रिंगांवर आला. शेवरलेने हेच १९५५ मध्ये केलं. ही मांडणी हलकी, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी होती. मुंबईत वर्षानुवर्षं धावलेल्या पद्मिनी टॅक्सीच्या मागे हीच मांडणी होती, आणि महामार्गावरच्या बहुतेक ट्रकांखाली ती आजही आहे.

बाजारहाटाला गाडी नेणाऱ्या माणसाला या बदलाचा काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांना. ती अशाच गाड्यांत दुप्पट ताकदीची इंजिनं बसवत आणि उभ्या जागेवरून एकदम सोडत. ड्रॅग रेसिंगचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मागच्या ॲक्सलखाली घडलेला इतिहासही तितकाच मोलाचा आहे, आणि पिनियन, म्हणजे शाफ्टची ताकद डिफरन्शियलमध्ये नेणारं छोटं दातेरी चाक, दोनचार अंश वर-खाली कलल्याने काय होतं, हा त्याचा गाभा आहे.

इंजिन चाकाला पुढे फिरवतं, तेव्हा ॲक्सलचं हाउसिंग तेवढ्याच जोराने उलट फिरू पाहतं. भिंतीत ड्रिलचं टोक अडकलं की यंत्र हातातच गर्रकन वळतं, त्यातलाच हा प्रकार. हाउसिंगच्या पुढच्या तोंडाशी पिनियन असतो, त्यामुळे गाडी सुटताक्षणी पिनियनचं नाक वर उचललं जातं. हा जोर किरकोळ नसतो. इंजिनचा पीळ ७०० न्यूटन-मीटर धरला, पहिल्या गिअरमध्ये तो अडीचपट झाला आणि क्राऊन-पिनियनने आणखी ४.१ पट केला, तर ॲक्सलपाशी ७,००० न्यूटन-मीटरहून अधिक पीळ पोचतो. नळीच्या जमान्यात हा सगळा उलटा पीळ नळी पेलायची. नळी गेल्यावर तो अडवायला उरले फक्त पाटे.

पाटे मुळात खड्ड्यांसाठी असतात, पिळासाठी नाही. जोर आला की ॲक्सलच्या पुढचा पाटा वर आणि मागचा खाली वाकून दोन्हींचा मिळून नागमोडी आकार होतो. पाटा ताणला जातो, टायर घसरतं, ताण क्षणात सुटतो, पाटा झटक्याने सरळ होतो आणि टायर पुन्हा पकड घेतं. हे सेकंदाला कितीतरी वेळा घडतं. बाहेरून पाहणाऱ्याला मागची चाकं उड्या मारताना दिसतात. आत शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस तुटतात, पाट्यांचे बोल्ट कातरले जातात, कधी पिनियनचे दातच उडतात.

या खेळाचा उगम मोहावी वाळवंटातल्या म्युरॉक आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर झाला. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ साली स्थापन झाली ती या तळ्यांवरच्या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी. तिथे मोजला जाई तो सर्वोच्च वेग. गाडीला वेग घ्यायला मैलभर मोकळं मैदान असे, त्यामुळे ती सुटते कशी, याला फारसं महत्त्व नव्हतं. चित्र पालटलं ते शर्यत डांबरावर आल्यावर. १९४९ मध्ये सांता बार्बराजवळच्या गोलेटा इथे फ्रॅन हर्नांडेझ आणि टॉम कॉब्ज या दोन शर्यतवाल्यांची समोरासमोर गाठ पडली. पुढच्याच वर्षी सी. जे. हार्ट आणि त्याच्या साथीदारांनी सांता ॲनाच्या विमानतळावर नियमित शर्यती सुरू केल्या. वॉली पार्क्सने १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एन.एच.आर.ए., उभी केली आणि १९५५ ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथल्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर भरवली. युद्ध संपलं होतं आणि देशभर रिकाम्या धावपट्ट्या पडून होत्या, हे या खेळाचं भाग्यच म्हणायला हवं. महाराष्ट्रातही याच खेळाला जागा मिळाली ती लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर.

अंतर ठरलं पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, आपल्या भाषेत ४०२ मीटर. उभ्या जागेवरून सुरुवात. एवढ्या छोट्या अंतरात सुरुवातीच्या ६० फुटांत गमावलेला वेळ पुढे भरून निघत नाही. या एका नियमामुळे गाडीच्या मागच्या भागाची भूमिती हा जिंकण्या-हरण्याचा प्रश्न झाला.

सुरुवातीचे उपाय सरळ होते: वजन मागे न्या. मिकी थॉम्पसनने १९५४ मध्ये ड्रायव्हरलाच मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे बसवलं. ‘स्लिंगशॉट’ नावाने ही रचना पुढची १५-१६ वर्षं ड्रॅगस्टर गाड्यांवर राज्य करत राहिली. या गाड्यांनी मागच्या सस्पेन्शनचा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. त्यांचा ॲक्सल थेट चौकटीला बोल्टांनी जखडलेला असतो, स्प्रिंगच नसते. आजच्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमध्येही तेच. म्हणूनच ही कहाणी त्या लांबुडक्या यंत्रांची नाही. ज्यांना दारं आहेत आणि ज्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांसारख्या दिसतात, त्यांची आहे.

दार असलेल्या गाडीत ड्रायव्हरला मागे ढकलता येत नाही. तिथे भरवसा ठेवावा लागतो तो सुटताना मागे सरकणाऱ्या भारावर. हिशोब सोपा आहे. गाडीचं वजन गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणायचं, व्हीलबेसने भागायचं, आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या जितक्या पट असेल तितक्याने गुणायचं. १,५०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच, व्हीलबेस २.७ मीटर आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाइतका धरला, तर २७८ किलो भार पुढच्या चाकांवरून उठून मागच्यांवर येतो. हे सूत्र हाती आल्यावर पोरांनी गाड्या उंच करायला घेतल्या. साठच्या दशकातल्या ‘गॅसर’ गाड्यांचं, विशेषतः विलीज कूपेंचं, ते आकाशाकडे नाक केलेलं ध्यान इथून आलं.

सगळ्यात उंच उडी घेतली ती क्रायस्लर कंपनीतल्या तरुण इंजिनीअरांच्या ‘रॅमचार्जर्स’ या क्लबने. दिवसा कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी स्वतःची गाडी, असा त्यांचा दिनक्रम. १९४९ ची एक जुनी प्लिमथ घेऊन त्यांनी ती इतकी उंच उचलली की तिचं नावच ‘हाय अँड माइटी’ पडलं. १९५९ मध्ये ती शर्यतीत उतरली तेव्हा प्रेक्षक हसले असतील, पण तिच्यामागचं गणित पक्कं होतं. टॉम हूवर, जिम थॉर्नटन, डिक मॅक्सवेल यांच्यासारखी या क्लबमधली माणसं पुढे क्रायस्लरच्या रेसिंग कार्यक्रमाचा कणा झाली, आणि त्यांच्या विचाराची छाप कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीवरही पडली.

तोवर गल्लीबोळातल्या गॅरेजांत दुसराच उपाय रुळला होता. पाटा वाकतो ना, मग त्याला वाकू द्यायचंच नाही. ॲक्सलला एक दणकट दांडी जोडायची आणि तिचं दुसरं टोक पुढे चौकटीला बांधायचं. ‘ट्रॅक्शन मास्टर’ नावाच्या अशा दांड्या बाजारात तयार मिळू लागल्या. १९६४ ची फोर्ड थंडरबोल्ट, म्हणजे फेअरलेनच्या पोटात ७ लिटरचं इंजिन कोंबलेली शर्यतीची गाडी, लांबलचक दांड्या घेऊनच कारखान्यातून निघाली. पुढच्या वर्षीच्या शेल्बी जी.टी. ३५० मध्ये दांड्या ॲक्सलच्या वरून गेल्या आणि त्यांची पुढची टोकं चक्क मागच्या फरशीतून गाडीच्या आत आली. गाडी विकत घेणाऱ्यालाही त्या दिसत.

या सगळ्या उपायांमागे एकच धारणा होती. ॲक्सलचं फिरणं हा रोग, आणि तो दाबून टाकायचा. क्रायस्लरच्या माणसांनी प्रश्न उलटा केला, आणि या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची उडी तीच. ॲक्सल फिरणारच असेल, तर त्या फिरण्याकडूनच टायर जमिनीवर दाबून घेता येईल का?

उत्तराचा अर्धा भाग त्यांच्या हातात आधीच होता. १९५७ पासून क्रायस्लरच्या गाड्यांत मागचा ॲक्सल पाट्यांच्या मधोमध नसून पुढे सरकवलेला असे. पुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि मऊ. साठच्या दशकात शर्यतीसाठी काढलेल्या ‘सुपर स्टॉक’ पाट्यांत हा फरक टोकाला नेला. पुढच्या भागातली पानं पट्ट्यांनी आवळून टाकली, त्यामुळे तो भाग पाटा न राहता जवळपास दांडीच झाला. मागच्या भागातली पानं मोकळी ठेवली. हाउसिंग फिरू लागलं की हा ताठ पुढचा भाग आपल्या टोकाने गाडीला वर ढकलतो, आणि गाडी वर ढकलली गेली की तेवढाच जोर खाली टायरवर येतो. उजव्या बाजूचा पाटा डाव्याहून कडक ठेवला. शाफ्टचा पीळ ॲक्सलला आडवाही फिरवू पाहतो, त्यात डावं चाक दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं. त्याची ही भरपाई. शिवाय पिनियनच्या वर रबराचा एक ठोकळा बसवला, त्याला म्हणायचे ‘पिनियन स्नबर’. तो गाडीच्या तळाला जवळजवळ टेकलेला असे. नाक उचललं गेलं की ठोकळा तळाला भिडायचा, नाक थांबायचं, आणि थांबता थांबता गाडीला वर रेटायचं.

दुकानातून विकत घेता येण्याजोगे पाटे आणि एक रबरी ठोकळा, एवढ्या सामानात क्रायस्लरने जे साधलं ते इतरांना दांड्यांच्या जंजाळातही साधत नव्हतं.

इथे पिनियनच्या कोनाकडे वळायला हवं, कारण याच काळात त्याबद्दल बराच गोंधळ माजला. शाफ्टच्या दोन टोकांना जे क्रॉसचे सांधे असतात, त्यांचा वंश जुना आहे. सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्दानो या इटालियन गणितज्ञाचं नाव त्यांना चिकटलं, सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्यांचा अभ्यास केला, आणि मोटारीसाठी ते घडवले क्लॅरेन्स स्पायसर या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने. त्याला १९०३ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच्या कारखान्यातूनच पुढे डाना ही कंपनी झाली. पुणे परिसरातल्या शाफ्टच्या कारखान्यामुळे स्पायसर हे नाव इथल्या वाहनउद्योगालाही परिचयाचं आहे.

या सांध्यात एक जन्मजात खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरला, तरी दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंशांचा असेल तर ही चढउतार हजारात जेमतेम दीड भागाची, पण १० अंशांवर ती शेकड्याला दीड होते. मिनिटाला ७,००० फेरे घेणाऱ्या शाफ्टमध्ये हे १४,००० हिसके ठरतात. त्यावर उतारा एकच. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवायचे, म्हणजे एका सांध्याची चूक दुसरा खोडतो. रस्त्यावरच्या गाडीत म्हणूनच पिनियन आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एकमेकांना समांतर ठेवतात.

ड्रॅग गाडीत अडचण ही, की उभ्या गाडीत साधलेलं समांतरपण सुटताक्षणी मोडतं. नाक वर जातं. मग जोराच्या क्षणी समांतर यावं म्हणून उभ्या गाडीत नाक मुद्दाम खाली झुकवून ठेवायचं, एवढाच पिनियनच्या कोनामागचा विचार. किती झुकवायचं, हे ॲक्सलला कोणी धरून ठेवलंय त्यावर ठरतं. नुसत्या पाट्यांवरच्या गाडीत नाक बरंच उचललं जातं, म्हणून ५ ते ७ अंश. पक्क्या दांड्यांनी बांधलेल्या ॲक्सलला २ अंशांच्या आसपास पुरे, कारण तिथे हलायला वाव आहे तो फक्त सांध्यांच्या ढिलेपणाचा आणि लोखंडाच्या लवचिकतेचा.

हा कोन बदलायचं जुनं साधन म्हणजे पाचर. पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये २, ४ किंवा ६ अंशांची धातूची पाचर घालायची, मधला बोल्ट पुन्हा आवळायचा, आणि गाडीखाली झोपून कोनमापकाने तपासायचं. काम वाटतं तितकं सोपं नाही. गाडी सपाट जमिनीवर हवी, चारही चाकांवर तिचं पूर्ण वजन हवं, ड्रायव्हरच्या वजनाइतकं ओझं त्याच्या आसनावर हवं, टायरमध्ये शर्यतीचीच हवा हवी. जॅकवर उचललेल्या गाडीत घेतलेलं माप काही कामाचं नसतं. शिवाय कोन कशाच्या तुलनेत मोजायचा, यावरही एकवाक्यता नव्हती. कोणी पिनियन आणि शाफ्ट यांच्यातला कोन सांगे, कोणी पिनियन आणि गिअरबॉक्स यांच्यातला. दोन गॅरेजांतले ‘चार अंश’ दोन वेगळ्या गोष्टी असू शकत, आणि ऐकीव आकड्यावर गाडी लावणाऱ्याने क्रॉस मोडून घेतले तर नवल नव्हतं.

फोर्डचा ९ इंची डिफरन्शियल १९५७ मध्ये आला आणि ड्रॅग रेसिंगने तो जवळजवळ आपलासा केला. त्याचा पिनियन तीन बेअरिंगांवर पेललेला, आणि आतला सगळा गोळा पुढून काढता येण्याजोगा. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिअर बदलायचे असतील, तर याहून सोयीचं काही नव्हतं. पण या रचनेत पिनियन ॲक्सलच्या मध्यरेषेच्या बराच खाली बसतो. त्यामुळे शाफ्ट जास्त उताराने खाली येतो आणि कोन जुळवण्याची गरज आणखी वाढते. कारखान्यात त्याचं उत्पादन १९८६ मध्ये थांबलं. शर्यतीसाठी मात्र त्याच मापाचे डिफरन्शियल आजही नव्याने बनतात.

सर्वांत हट्टी समज असा होता, की नाक जितकं खाली तितकी टायरची पकड जास्त. पाट्यांच्या गाडीत पाचर घातली की गाडी खरोखर बरी सुटायची, म्हणून तो समज टिकला. प्रत्यक्षात कोनाने वाचतो तो शाफ्ट; वाया जाणारी ताकद वाचते, क्रॉस वाचतात. टायर जमिनीवर दाबलं जातं ते ॲक्सलचा जोर गाडीच्या अंगात कुठून आणि कोणत्या दिशेने शिरतो यामुळे. शाफ्ट तुटणं ही तर जिवावरची गोष्ट. पुढचा सांधा तुटला आणि शाफ्टचं टोक जमिनीत रुतलं, तर गाडी त्याच्यावरून उलटू शकते. म्हणूनच नियमांनी पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत शाफ्टभोवती पोलादी कडं सक्तीचं केलं.

जोर कुठून शिरतो, हा प्रश्न साठच्या दशकाच्या मध्यावर थेट आणि काहीसा आडदांड मार्गाने ऐरणीवर आला. १९६५ मध्ये क्रायस्लरने मोजक्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांचे ॲक्सलच सरकवले, मागचा १५ इंच पुढे आणि पुढचा १० इंच पुढे. गाडीचं वजन बसल्या जागी मागच्या चाकांवर आलं. एन.एच.आर.ए.ने त्यांना आपल्या कारखाना-गाड्यांच्या वर्गात घेतलं नाही, तरी समोरासमोरच्या सामन्यांत लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. त्यांच्या विचित्र रूपावरून ‘फनी कार’ हा शब्द रूढ झाला आणि पुढे त्याच नावाचा स्वतंत्र वर्ग उभा राहिला. त्याच सुमारास डॉजच्या छोट्या पिकअपमध्ये मागे क्रायस्लरचं ‘हेमी’ इंजिन घातलेली ‘लिटल रेड वॅगन’ आणि हर्स्ट कंपनीची ‘हेमी अंडर ग्लास’ बॅराकुडा या दोन गाड्या शर्यतीच्या इराद्याने बनल्या. दोन्ही सुटताना थेट मागच्या चाकांवर उभ्या राहिल्या. भार मागे नेण्याचा विचार इतका यशस्वी झाला, की या गाड्या शर्यत सोडून उभं राहण्याच्या खेळासाठीच गाजल्या. भार मागे येणं पुरेसं नाही, तो किती वेगाने आणि कोणत्या वाटेने येतो हेही हातात असावं लागतं, हे त्यांनी हजारो प्रेक्षकांसमोर दाखवून दिलं.

ती वाट हातात घेण्याचं पहिलं नेटकं साधन म्हणजे लॅडर बार. शिडीसारखी पायऱ्या असलेली ही त्रिकोणी दांडी मागे ॲक्सलला दोन ठिकाणी पक्की आणि पुढे गाडीच्या तळाशी एकाच खिळीवर टेकलेली असते. साधारण ३२ इंच लांबीची दांडी रुळली. ॲक्सलचा सगळा पीळ त्या पुढच्या खिळीत येतो आणि तिथे गाडीला वर ढकलतो. खिळीची भोकं खाली-वर असली की ढकलण्याची जागा बदलता येते. पिनियनचा कोन दांडीच्या मागच्या टोकाला फिरवून हव्या त्या अंशावर पक्का करता येतो. पाचरीचं काम संपलं.

त्याहून पुढची पायरी फोर-लिंक. प्रत्येक बाजूला दोन दांड्या, एक वर आणि एक खाली, दोन्ही टोकांना फिरते सांधे. दांड्या बाजूने पाहिल्या तर पुढे एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. त्यांच्या रेषा मनाने पुढे वाढवल्या की ज्या बिंदूत मिळतात, तिथे जणू एक अदृश्य लॅडर बार टेकलेला असतो. त्या बिंदूला ‘इन्स्टंट सेंटर’ म्हणतात. लोखंडाची खिळी जिथे बसवताच येणार नाही, अशा जागीही हा बिंदू नेता येतो, हेच फोर-लिंकचं सामर्थ्य.

बिंदू कुठे असावा, याला एक सीमारेषा आहे. मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून एक रेषा काढायची, ती पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर गुरुत्वमध्याच्या उंचीला पोचली पाहिजे. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर आणि व्हीलबेस २.६ मीटर असेल, तर ही रेषा निम्म्या वाटेवर २५ सेंटिमीटर उंचीवर असेल. इन्स्टंट सेंटर नेमका या रेषेवर असला तर गाडीची मागची बाजू सुटताना ना बसते ना उठते. बिंदू रेषेच्या वर गेला तर मागची बाजू वर उचलली जाते आणि टायर खाली दाबलं जातं. खाली गेला तर गाडी मागे बसते. बिंदू मागे, ॲक्सलच्या जवळ आणला तर दणका जोरात आणि लगेच बसतो. पुढे नेला तर सौम्यपणे, जास्त वेळ.

१९७० मध्ये एन.एच.आर.ए.ने प्रो स्टॉक वर्ग सुरू केला आणि कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथली त्याची पहिली स्पर्धा बिल जेन्किन्स या पेनसिल्व्हेनियातल्या इंजिनतज्ज्ञाने जिंकली. ‘ग्रम्पीज टॉय’ हे त्याच्या गाड्यांचं नाव. १९७२ मध्ये तो छोटी शेवरले व्हेगा घेऊन आला आणि पुन्हा जिंकला. १९७४ च्या त्याच्या व्हेगाला पूर्ण नळ्यांची चौकट होती. कारखान्याची चौकट गेली आणि दांड्यांचे कंस हव्या त्या जागी वेल्ड करता येऊ लागले. मागच्या ॲक्सलची भूमिती आता वारशाने मिळणारी गोष्ट राहिली नाही. ती कागदावर आखून घेता येऊ लागली. त्या कंसांवर भोकांच्या रांगा असतात, दांडी या भोकातून त्या भोकात नेली की गाडीचा स्वभाव बदलतो.

फोर-लिंक लावण्याचा क्रम चुकवून चालत नाही. आधी गाडीची उंची आणि वजन, मग इन्स्टंट सेंटर, मग पिनियनचा कोन, कारण वरच्या दांडीचं भोक बदललं की कोन आपोआप बिघडतो. दांडीच्या एका टोकाला सुलटा आणि दुसऱ्याला उलटा आटा असतो, त्यामुळे दांडी न काढता ती फिरवून लांब-आखूड करता येते. शेवटी उजवी वरची दांडी. ड्रायव्हर आत बसलेला असताना तिचा बोल्ट बोटाने ढकलून सहज आत-बाहेर होईल इतकी तिची लांबी जुळवायची. त्यानंतर किंचित फिरवून तिच्यात ताण भरायचा, म्हणजे शाफ्टच्या पिळाने हलकं होणारं उजवं चाक आधीच थोडं दाबलेलं राहतं. किती फिरवायची, हे गाडी पहिल्या काही फुटांत सरळ जाते की नाही, यावरून ठरतं.

या साऱ्या खटाटोपात कारखानेही मागे राहिले नाहीत. १९८७ ची ब्युइक जी.एन.एक्स. ही ५४७ नगांची खास मालिका. तिच्या ॲक्सलला पुढे जाणारी एक लांब दांडी जोडली होती आणि आडवं सरकणं रोखायला वेगळा रॉड होता. सुटताना या गाडीची मागची बाजू खाली बसण्याऐवजी सबंध वर उठते, हे तेव्हाच्या चाचण्या घेणाऱ्यांनी आवर्जून नोंदवलं. त्याआधी १९८२ च्या शेवरले कमॅरोतही शाफ्टच्या बाजूने पुढे जाणारी एक लांब भुजा होतीच. १९४९ मध्ये फोर्डने काढून टाकलेल्या नळीचं काम या भुजेने नव्या रूपात परत हाती घेतलं होतं. उलटा पीळ पुढे न्यायचा आणि तिथे गाडीला उचलायचं. फरक एवढाच, की आता तो जोर कुठे टेकवायचा, हे ठरवून केलं जात होतं.

पुढे रस्त्यावरच्या गाड्यांत मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं. त्यात डिफरन्शियल गाडीच्या अंगालाच पक्का असतो, त्यामुळे पिनियनचं नाक उचलण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. आरामासाठी आणि वळणासाठी हे उत्तम. तरीही २०१२ मध्ये शेवरलेने खास पाव मैलासाठी कोपो कमॅरो बनवली, तेव्हा स्वतंत्र सस्पेन्शन काढून तिथे जुना एकसंध ॲक्सल आणि दांड्या घातल्या. फोर्डनेही आपल्या कोब्रा जेट मस्टँगमध्ये तेच केलं. उलट दिशेने गेली ती २०१८ ची डॉज डीमन. मागे स्वतंत्र सस्पेन्शनच ठेवून तिने पाव मैल ९.६५ सेकंदांत कापला आणि सुटताना पुढची चाकं जमिनीवरून उचलली. त्यासाठी तिच्या इंजिनीअरांनी पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या, शॉक ॲब्सॉर्बर भार झटकन मागे येऊ देतील असे लावले आणि टायर रुंद घेतले. शर्यतीच्या मैदानावर मात्र गंभीर स्पर्धक अजूनही एकसंध ॲक्सलच पसंत करतात. आता त्यांच्या शाफ्टवर फेरे मोजणारा सेन्सर असतो, शॉक ॲब्सॉर्बर किती हलला याची नोंद दर क्षणाला होते, आणि दांडी कोणत्या भोकात न्यायची, याचा निर्णय लॅपटॉपवरचा आलेख पाहून होतो.